भाव न ठरलेली गोणी

पुण्याच्या मार्केट यार्डात बापूंचा कांदा-बटाट्याचा गाळा होता. चाळीस वर्षांची आडत. गिऱ्हाईक ओळखीचं असो, पाहुणा असो की प्रत्यक्ष व्याही असो, भाव ठरल्याशिवाय गोणी काट्यावर चढायची नाही, हा बापूंचा नियम. एकदा धाकट्या मेहुण्यानं लग्नाच्या जेवणावळीसाठी दहा गोण्या मागवल्या. "भावाचं बघू नंतर, घरचंच तर आहे," असं म्हणाला. बापूंनी हमालाला हातानंच थांबवलं, मेहुण्याला खुर्ची दिली, चहा मागवला, भाव ठरवला आणि मगच गोण्या टेम्पोत चढू दिल्या. 'नंतर बघू' या दोन शब्दांनी यार्डात जेवढे गाळे बुडवले तेवढे दुष्काळानंही बुडवले नाहीत, असं ते म्हणायचे.

बापूंची थोरली बहीण आक्का. तिचं घर साताऱ्याकडे, माण तालुक्यात दहिवडीला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. माण म्हणजे पावसानं पाठ फिरवलेला मुलूख. टँकर आला की हंडे-कळशा घेऊन धावायचं, यात आक्काचं निम्मं आयुष्य गेलं. दोन दिवसांसाठी घराबाहेर पडायचं असलं तरी टाकीचा मुख्य कॉक बंद केल्याशिवाय ती दाराला कुलूप लावत नाही. सून म्हणते, "अहो आई, नळ सगळे बंद आहेत." आक्काचं उत्तर ठरलेलं, "आपण असतो तेव्हा नळ बंदच असतात गं. गळतात ते आपण नसताना."

तर बापूंचा मुलगा जर्मनीत, स्टुटगार्टला, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत नोकरीला. पुण्याकडची इंजिनीयर मंडळी त्या भागात पुष्कळ, त्यातला हा एक. त्यानं बाबांना आणि आत्याला उन्हाळ्यात तीन आठवडे बोलावलं.

बापूंनी तयारी कशी केली ते सांगण्यासारखं आहे. तिकिटासाठी तीन एजंट फिरले. बॅगेसाठी लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ पालथी घातली. प्रवासाचा विमा काढताना त्या विमावाल्या मुलीला इतके प्रश्न विचारले की तिनं शेवटी पाणी मागितलं. परकीय चलनाच्या दुकानात तर दोन दुकानदारांना फोनवर एकमेकांसमोर उभं केलं. आणि मोबाईलचं काय, असं आक्कानं विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याचं काय? माझं अनलिमिटेड आहे."

अनलिमिटेड. चाळीस वर्षं ज्यानं कुणाच्या 'एक नंबर माल' या शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्यानं या एका शब्दावर ठेवला. अनलिमिटेड म्हणजे कुठपर्यंत, ते त्या प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं, आणि सहसा ते देशाच्या सीमेपर्यंतच असतं.

आक्काला फोनमधलं बापूंपेक्षा जास्त कळत होतं असं मुळीच नाही. पण तिला विचारायची सवय. ती वहीचा एक कागद घेऊन मोबाईल कंपनीच्या गॅलरीत गेली. काउंटरवरच्या पोरानं लगेच रंगीत तक्ता पुढे केला. "आजी, हा पॅक घ्या, सगळ्यात बेस्ट."

"पॅकचं मग बघू. आधी मला हे सांग बाळा, मी काहीच घेतलं नाही आणि फोन तिथं नुसता चालू राहिला, तर कशाकशाचे पैसे पडतात?"

पोरानं सांगितलं. केलेल्या फोनाचे पडतात, आलेल्या फोनाचेही मिनिटावर पडतात. पाठवलेल्या मेसेजचे पडतात, आलेला साधा मेसेज फुकट. म्हणजे बँकेचा ओटीपी फुकट. आणि नेट वापरलं तर त्याचे, वापराल तेवढे.

आक्कानं कागदावर उतरवून घेतलं. मग दुसरा प्रश्न, पॅकमध्ये नक्की कोणकोणते देश? विमान दुबईला बदलायचं आहे, ते धरलंय का? तिसरा, पॅकचा दिवस केव्हा सुरू होतो, पैसे भरल्यापासून की तिथं पोचल्यापासून? आणि चौथा, पॅक संपला की नेट आपोआप बंद पडतं, की सुट्या दरानं चालू राहतं?

चौथ्या प्रश्नाला पोरानं आत जाऊन साहेबांना विचारलं. या चारांतला तोच सगळ्यात मोलाचा, आणि तोच सहसा कुणी विचारत नाही.

आक्काचं सिम प्रीपेड. त्यात जेवढे पैसे तेवढाच तिचा धोका. तिनं रोमिंग फक्त मेसेजपुरतं सुरू ठेवलं, फोनमधलं 'डेटा रोमिंग' हे बटण त्या पोराकडूनच बंद करून घेतलं आणि दोनदा तपासलं. ॲप आपोआप अपडेट व्हायचं बंद केलं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो-व्हिडिओ आपसूक उतरायचे, तेही बंद. घरच्या वायफायवर स्टुटगार्टचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला, म्हणजे तिथं नेट नसलं तरी आपण कुठे उभे आहोत ते निळा ठिपका दाखवील. आणि सगळ्या नातेवाइकांना बजावलं, "साधा फोन करायचा नाही. रात्री आठ ते नऊ व्हॉट्सॲपवर करा, मी वायफायवर असेन."

बापू हसले. "आक्के, तू तिथंही टाकीचा कॉक बंद करून चाललीस!"

आक्कानं त्यांना हिशेब मांडून दाखवला. मास्तरकीची खोड. "समजा, एका एमबीला शंभर रुपये धर. तुझ्या फोनातला एक फोटो तीन-चार एमबीचा. एक फोटो गेला म्हणजे तीनशे-चारशे गेले. आणि तुझ्या यार्डाच्या ग्रुपवर रोज व्हिडिओ किती येतात?"

"आक्के, आपण फिरायला चाललोय, परीक्षेला नाही."

विमानात बसल्यावर आक्कानं फोन फ्लाइट मोडवर टाकला. बापूंनी खिशात तसाच ठेवला. काही विमानांत विमानाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं आणि त्याचे दर कुठल्याही देशाच्या पॅकमध्ये बसत नाहीत, समुद्रातल्या क्रूझवर तर हे सर्रास होतं. बापूंच्या नशिबानं त्या रात्री तसं काही झालं नाही.

दुबई विमानतळावर आक्कानं तिथलं फुकट वायफाय जोडलं आणि सुनेला व्हॉट्सॲपवर फोन लावला. लागेना. त्या देशात इंटरनेटवरून बोलण्यावर निर्बंध आहेत, मेसेज मात्र जातात. मग तिनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "पोचलो गं, पुढचं विमान अडीच तासांनी आहे, मांजराला दूध घाल." बापूंनी नुसता फोन हातात घेतला आणि टिंग टिंग करत मेसेज यायला लागले. वायफाय नाही, काही नाही.

"बघ, माझं आपोआप लागलं."

"आपोआप लागतं त्याचंच मला भ्या वाटतं," आक्का म्हणाली.

स्टुटगार्टला मुलाच्या घरी वायफाय होतं, त्यामुळे दिवस बरे गेले. रात्री मात्र गेल्या नाहीत. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. यार्डात सकाळी सहाला गाळ्यावर लगबग असते तेव्हा तिकडे मध्यरात्रीचे अडीच. दिवाणजी रोज फोन करायचे. "शेठ, इंदूरचा बटाटा आलाय, काय भावानं काढू?" बापू गादीवर उठून बसायचे आणि पंधरा-वीस मिनिटं बोलायचे. फोन दिवाणजींचा, तेव्हा आपल्याला काय पैसे पडणार, ही त्यांची ठाम समजूत.

खरं तर बापूंना हे माहीत असायला हवं होतं. 31 जुलै 1995 ला ज्योती बसूंनी देशातला पहिला मोबाईल फोन केला, त्यानंतर कित्येक वर्षं आपल्याकडे आलेल्या फोनालाही पैसे पडायचे. बापूंनीच तेव्हा हौसेनं विटेएवढा फोन घेतला होता. तो वाजला की नंबर बघायचा, कट करायचा आणि यार्डाच्या कोपऱ्यावरच्या पीसीओवर पळत जाऊन उलटा फोन लावायचा. 2003 नंतर इनकमिंग फुकट झालं आणि ती पळापळ विसरली गेली. परदेशात पाऊल ठेवलं की फोन पुन्हा त्या जुन्या जमान्यात जातो. फक्त आता पीसीओ नाही.

तिसऱ्या दिवशी मुलानं बाबांना तिथलं सिम आणून दिलं. फोनात दोन सिमची जागा होती. नेट जर्मन सिमवर लावलं आणि भारतातलं सिम दुकानाच्या फोनांसाठी चालू ठेवलं. इथं एक बारीक गोष्ट राहून गेली. दोन सिमच्या पुष्कळ फोनांत एक सोय असते, एका सिमला नेट मिळालं नाही की फोन आपणहून दुसऱ्या सिमचं नेट वापरतो. ती सोय चालू होती. भारतीय सिमचं डेटा रोमिंगही चालू होतं.

शनिवारी सगळे गाडीनं स्वित्झर्लंडला निघाले, शाफहाउजनजवळचा ऱ्हाइनचा धबधबा बघायला. स्टुटगार्टहून दोन तासांच्या आतबाहेर. सीमेच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर मुलानं गाडी थांबवली आणि एक छोटं स्टिकर आणून काचेला आतून चिकटवलं. स्वित्झर्लंडच्या हमरस्त्यावर गाडी न्यायची तर ते लागतं. बापूंनी लगेच विचारलं, "केवढ्याला?"

"चाळीस फ्रँक. वर्षभर चालतं."

"आपण एक दिवस जाणार आणि वर्षाचे पैसे? एका दिवसाचं मागायचं होतंस."

"एका दिवसाचं मिळत नाही बाबा."

"तू विचारलंस का?"

पुढचा पाव तास गाडीत हीच चर्चा. गाडीला नवा देश लागला, त्याचे पैसे लागले, ते किती आणि का, सगळं बापूंनी खोदून विचारलं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातल्या फोनालाही त्याच मिनिटाला नवा देश लागला होता. त्याबद्दल गाडीत कुणी काही बोललं नाही.

स्वित्झर्लंड युरोपच्या मधोमध आहे, पण युरोपीय संघात नाही. 15 जून 2017 पासून संघातल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्यासारखंच चालतं. फ्रान्सचं इटलीत, जर्मनीचं स्पेनमध्ये. नॉर्वे आणि आइसलँड संघात नसूनही या सवलतीत आहेत. स्वित्झर्लंड नाही. काही कंपन्या आपल्या पॅकमध्ये ते देतात, काही देत नाहीत. बापूंच्या सिमवर ते नव्हतं. जर्मन सिमचं नेट थांबलं आणि फोननं इमानेइतबारे भारतीय सिमकडे हात पसरला.

धबधबा मात्र बघावा असा. दीडशे मीटर रुंद आणि तेवीस मीटर उंच. उंचीला आपल्या आंबोलीच्या पुढे काहीच नाही, पण पाण्याचा लोंढा असा की कठड्याला हात लावला तर कंप जाणवतो. मध्यभागी एक खडक उभा आहे, होडीतून तिथं जाऊन पायऱ्या चढता येतात. आक्का कठड्याशी बराच वेळ उभी होती. शेवटी म्हणाली, "माणला एक दिवस द्या हो हे." बापूंनी व्हिडिओ काढला. मग दुसरा काढला. मग होडीतून तिसरा. आक्कानंही फोटो काढले. तिचे फोटो तिच्या फोनात राहिले.

दुपारी जेवताना बापूंना खिशात फोन गरम लागला. त्यांना वाटलं, उन्हानं तापला असेल. त्यांनी तो काढून सावलीत टेबलावर उपडा ठेवला आणि वर हातरुमाल पसरला. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात, तसा दिसत होता तो रुमाल. त्याच्याखाली फोन एकटाच सौदा करत होता. धबधब्याचे तिन्ही व्हिडिओ साठवणीसाठी वर ढगात चढवत होता. यार्डाच्या ग्रुपवरचे लिलावाचे, हमालांच्या सत्यनारायणाचे, कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचे व्हिडिओ खाली उतरवत होता. शिवाय चौदा ॲप अपडेट करत होता.

संध्याकाळी घरी परतल्यावर आक्कानं सहज विचारलं, "तुला आज कंपनीचे इंग्रजी मेसेज फार आले रे. काय म्हणतात?"

"जाहिराती असतात त्या."

आक्कानं चष्मा लावला आणि एकेक मेसेज मोठ्यानं वाचला, वर्गात धडा वाचावा तसा. दुसऱ्या मेसेजला मुलगा सोफ्यावरून उठला. तिसऱ्याला त्यानं बाबांच्या हातून फोन घेतला आणि डेटा रोमिंग बंद केलं. पण परदेशातल्या वापराचा हिशेब इकडच्या कंपनीपर्यंत मागाहून पोचतो. मेसेज आला तेव्हा पाणी पुलाखालून बरंच वाहून गेलेलं होतं.

आक्काचं सगळं सुरळीत झालं असं समजू नका. एकदा ती एकटीच भाजी आणायला म्हणून बाहेर पडली आणि उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसली. नेट नाही, नकाशात ठिपका दिसतोय पण ट्राम कुठली पकडायची ते कळेना, भाच्याला कळवावं तर कसं? शेवटी एका बेकरीत शिरून खुणांनी वायफाय मागितलं, एक पाव विकत घ्यावा लागला. शिवाय एके दिवशी गॅस एजन्सीचा फोन सवयीनं उचलला आणि सिलिंडर आलाय, घरी कोणी आहे का, एवढ्यावर एक मिनिट गेलं. माझं मत विचाराल तर साठी उलटलेल्या माणसानं परक्या गावात सगळंच बंद ठेवून हिंडू नये. लहानसा पॅक घ्यावा, नाहीतर तिथलं सिम घ्यावं. फोन नवा असेल तर ई-सिम इथूनच निघण्याआधी टाकून घेता येतं. आक्कालाही पुढे ते पटलं.

परतल्यावर महिन्याचं बिल आलं. त्रेसष्ट हजार रुपये.

बापूंनी ते बिल गाळ्यावर गादीला टेकून तीनदा वाचलं. मग हिशेब केला. त्या दिवशी कांदा किलोला अठरा रुपये होता, पन्नास किलोची गोणी नऊशेला. त्रेसष्ट हजार म्हणजे सत्तर गोण्या. त्यांनी समोरच्या थप्पीवर नजर टाकली आणि बोटानं सत्तर मोजल्या. हमाल बघत होते, शेठ काय मोजतायत.

ते तडक गॅलरीत गेले. तोच पोरगा काउंटरला. बिल आपटून म्हणाले, "मी तिथून एक फोन केला नाही. एक मेसेज पाठवला नाही. मी केलं काय, ते दाखव."

पोरानं बिल उलटून पाहिलं. आलेल्या फोनांचं एक पान, नेटची अडीच पानं. म्हणाला, "काका, तुम्ही काहीच केलं नाही. तेच झालं."

तक्रार नोंदवली, वरच्या साहेबांशी बोलले, मार्केट यार्डात चाळीस वर्षं घासाघीस करणाऱ्यानं आपली सगळी विद्या पणाला लावली. थोडी सूट मिळाली. बापूंनी तीही गोण्यांत मोजली. चार.

रविवारी ते दहिवडीला आक्काकडे गेले. आक्कानं पिठलं-भाकरी केली होती. बिलाचा विषय तिनं काढला नाही, बापूंनीच काढला.

"आक्के, मी आयुष्यात भाव विचारल्याशिवाय गोणी काट्यावर चढवली नाही. मग हे कसं झालं?"

"या वेळी नाही विचारलास."

"कुणाला विचारणार होतो? यार्डात समोर माणूस असतो. तो माल दाखवतो, मी नाक मुरडतो, तो उठून जायचं सोंग करतो. इथं समोर कुणीच नव्हतं गं. धबधबा होता."

आक्का भाकरी थापता थापता थांबली. "समोर कुणी नसलं तरी काटा चालूच असतो, बापू. आम्हाला टँकरनं शिकवलं ते. निघायच्या आधी विचारायचं आणि निघताना बंद करायचं, एवढंच मला ठाऊक. फोनातलं मला तरी कुठं काय कळतंय?"

बापू काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर परसात गेले, तिथल्या टाकीचा तो पितळी कॉक त्यांनी उघडून बघितला, बंद केला, पुन्हा उघडला. नातू म्हणाला, "आजोबा, पाणी वाया जातंय."

यंदा यार्डातली मंडळी पशुपतिनाथाला निघाली आहेत. रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौलीची सीमा, मग काठमांडू. निघायच्या आठ दिवस आधी बापू त्याच गॅलरीत हजर झाले, हातात वहीचा कागद. कागदावर अक्षर आक्काचं होतं, तेच चार प्रश्न.

पोरगा हसला. "काका, नेपाळ तर शेजारीच आहे. त्याला काय एवढं?"

बापूंनी खुर्ची ओढली, बसले, आणि मेहुण्याला जसा दिला होता तसा त्याला चहा मागवून दिला. "आधी भाव सांग."

पोरानं तक्ता काढला. नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. फोनसाठी मात्र तो परदेशच आहे, आणि सीमेच्या अलीकडे सोनौलीत चहाला थांबलात तरी तो पलीकडचा टॉवर पकडू शकतो.